झोपेची मोजणी

सल्ला देण्याचे पैसे मला आयुष्यात कधी कुणी दिले नव्हते. एसटीत कंडक्टर होते तेव्हा अकोला-अकोट गाडीत मी दिवसभर सल्लेच वाटत असे. पुढे सरका, पोराला मांडीवर घ्या, पिशवी सीटखाली सरकवा. लोक ऐकत, कारण तिकीट माझ्या हातात असे. निवृत्त झाले तसं ऐकणारं कुणी उरलं नाही आणि मी घरातल्या घरात येरझाऱ्या घालू लागले. अशात एके दिवशी कलेक्टर कचेरीतून फोन आला, की जिल्ह्याच्या गृहनिर्माण सल्लागार मंडळावर नागरिक सदस्य म्हणून तुमची नेमणूक झाली आहे. परवडणाऱ्या घरांत राहणारं एक तरी माणूस मंडळावर हवं, असा नवा नियम निघाला होता. मोर्णा नदीपलीकडच्या आमच्या वसाहतीत सगळ्यांत जास्त बडबड करणारी बाई कोण, याबद्दल कुणाचं दुमत नव्हतं.

मंडळाचं काम ऐकायला सोपं होतं. जिल्ह्यात स्वस्तातली घरं किती हवीत, कुठे हवीत आणि कुणाला आधी द्यावीत, हे सरकारला सांगायचं. पूर्वी यासाठी माणसं घरोघर फिरून विचारत आणि लोक सर्रास खोटं सांगत. वसाहतीतला एक ठेकेदार पुतणे-भाचे-मेहुण्यांच्या नावावर अकरा घरं दाबून बसला होता; मोजणीवाले आले की प्रत्येक घरात एकेक खाट टाकून ठेवायचा. आता मात्र श्वासमापक आला होता.

श्वासमापक म्हणजे काय, ते मला मंडळाच्या तंत्रज्ञ अन्विता वऱ्हाडपांडे यांनी समजावलं. पोरगी नागपूरची, वयानं माझ्या मुलीहून लहान. "काकू, प्रत्येक घरात नेटची डबी आहे ना? तिच्यातून रेडिओ लहरी सारख्या बाहेर पडतात, भिंतींवर आपटून परत येतात. माणसाच्या शरीरात पाणीच जास्त, त्यामुळे आपल्यावरूनही त्या परततात. श्वास घेतला की छाती थोडी वर येते, अगदी तांदळाच्या दाण्याएवढी. तेवढ्यानं लहरीला परतायला किंचित कमी वेळ लागतो. तो फरक यंत्राला कळतो. कॅमेरा नाही, नाव नाही, चेहरा नाही. घरात किती श्वास चालू आहेत, एवढंच."

"आणि पाहुणा आला असेल तर?"

"म्हणून आम्ही झोपेतलेच श्वास धरतो. जागा माणूस बोलतो, उठतो, उसासे टाकतो. त्याच्या श्वासाला ताल नसतो. झोपलेल्याचा संथ, एकसारखा चालतो. निजायला माणूस शेवटी आपल्याच घरी जातो ना."

मंडळाचे अध्यक्ष उमाळे साहेब कलेक्टर म्हणून निवृत्त झालेले, सरळ माणूस. त्यांनी यावरून मंडळाची व्याख्या लिहिली होती: जिथे माणूस निर्धास्त झोपतो, ते त्याचं घर. मला ती इतकी आवडली की मी वसाहतीत सगळ्यांना ऐकवली. ज्या घरात मोजणीच्या हंगामातल्या निम्म्याहून जास्त रात्री कुणीच झोपलं नाही, ते नकाशावर लाल होणार आणि गरजूला जाणार. मी ठेकेदाराचं तोंड डोळ्यांपुढे आणून मत दिलं.

पहिली मोजणी मे महिन्यात झाली आणि अर्धं अकोला रिकामं निघालं. मुंबईहून विचारणा झाली, लोक गेले कुठे? बैठकीत सगळे गंभीर. मी म्हटलं, "अहो, मे महिन्यात अकोल्यात घरात कोण झोपतं? सगळे गच्चीवर!" तेव्हापासून मोजणी दिवाळी ते संक्रांत अशी ठरली आणि मंडळात माझ्या शब्दाला वजन आलं. मी जरा फुगलेच म्हणा ना.

डिसेंबरच्या सुरुवातीला कच्ची यादी आली. भिंतीवर वसाहतीचा नकाशा लावलेला, हिरव्या चौकोनांत लाल ठिपके. ठेकेदाराची अकराच्या अकरा घरं लाल! मी खुर्चीतच टाळी वाजवली. आणि मग माझी नजर आमच्या इमारतीवर गेली. दुसरा मजला. माझं घर हिरवं. माझ्यासमोरचं दार लाल.

"हे चुकलंय," मी म्हटलं. "इथे शेवंता खंडारे राहते. रोज राहते. सकाळी मी तिच्याकडेच चहा पिऊन आले."

"राहत असतील काकू, पण झोपत नाहीत," अन्विता म्हणाली. "हंगामात एकही रात्र नाही. तुमच्या घरात मात्र रोज दोन श्वास आहेत. मला वाटलं, तुमची बहीण असते तुमच्याकडे."

बहीण नाही. शेवंता माझ्याकडे सोबतीला येते.

आता हे या लोकांना कसं सांगायचं? माझे यजमान झोपेत गेले. मी शेजारी होते आणि मला सकाळी कळलं. तेव्हापासून मला एकटीला झोपच लागेना. शेजारी कुणाचा तरी श्वास ऐकू आला तरच डोळा लागतो, नाहीतर रात्रभर मी टक्क जागी. शेवंता म्हणाली, तेरवीपर्यंत येते मी झोपायला. तेरवी झाली, वर्षश्राद्ध झालं, नऊ वर्षं झाली. रोज रात्री जेवण आटोपलं की ती उशी काखेत मारून, आपल्या दाराला कुलूप लावून माझ्याकडे येते आणि पहाटे परत जाते. एकट्या बाईकडे शेजारणीनं सोबतीला निजायला जायचं, यात आमच्याकडे सांगण्यासारखं काही नसतं. कोथिंबीर मागण्याइतकंच ते साधं. म्हणूनच मंडळात बसून व्याख्येवर मान डोलावताना ते माझ्या डोक्यात आलंच नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

मी सांगितलं. अन्वितानं यंत्राला तसा नमुना शोधायला सांगितला, आणि नकाशावर जोड्याच जोड्या दिसू लागल्या. एक दार लाल, शेजारच्या दारामागे दोन श्वास. पोरं पुण्या-बंगळूरला गेलेल्या, एकट्या उरलेल्या बायकांची वसाहतच होती ती. यंत्रानं प्रत्येक जोडीखाली आपला निष्कर्षही लिहिला होता: दोन घरे, एक कुटुंब.

"म्हणजे एक घर पुरे," उमाळे साहेब म्हणाले. ते वाईट हेतूनं म्हणाले नाहीत, हे मी आधीच सांगते. त्यांनी दुसरं चित्र लावलं. रेल्वेलाइनजवळची पत्र्याची खोली. ती मी ओळखली, पाहणीला मीच गेले होते. गजानन भटकर, त्याची बायको पूनम आणि तीन मुलं. एकानं कूस बदलली की सगळ्यांनी बदलायची, इतकीच जागा. प्रतीक्षायादीत त्यांचा नंबर पहिला.

"दांदळेबाई, तुम्हीच सांगा," साहेब म्हणाले. "रोज रात्री कुलपात असणारं एक घर, आणि उताणं झोपायला जागा नसलेली पाच माणसं. सल्ला आपल्याला द्यायचाय. तुम्ही म्हणाल तो मी लिहितो."

आख्ख्या गाडीला जागा करून देणारी मी, आणि इथे कुणाला सरकवू ते मला ठरवता येईना. साहेबांनीच वाट दाखवली. यादी कच्ची आहे, संक्रांतीला पक्की होईल. तोवर शेवंताबाई आपल्या घरी झोपल्या तर त्यांचं घर काठावर वाचेल.

घरी आले तेव्हा शेवंता दारात तूरडाळ निवडत बसली होती. आयुष्य डाळमिलमध्ये गेलं तिचं. नवऱ्यानं टाकली तेव्हा अंगावरच्या लुगड्यानिशी अकोल्यात आली आणि हे घर, तिच्या एकटीच्या नावावरचं, तिला पन्नाशी उलटल्यावर मिळालं. मी एका दमात सगळं सांगून टाकलं. ती ऐकत होती, पण हात थांबला नाही.

"म्हंजे मी तुह्याकडे झोपली म्हनून माहं घर जाते?"

"यादी कच्ची हाये अजून."

"तू हाये ना व त्या मंडळात? मंग?"

"मीच मत देलं होतं त्या नियमाले. ठेकेदारासाठी देलं होतं, शेवंते. तुह्या दारावर येईन असं मले वाटलंच नाही."

तिनं सूप बाजूला ठेवलं. मी घाईघाईनं बोलून बसले, "आन् समज, गेलंच, तं तू माह्याकडे राह्य. तसंबी रोज येतेच ना."

"येते. येते आन् जाते," शेवंता उसळली. "सासरी रुसली तं मले संडासात जाऊन रडा लागे. माहेरी भावजय म्हने, तोंड काहून सुजलं? रुसाले जागाच नव्हती मले कुठं. या घरात आली आन् पयल्या दिवशी दार लावून घेतलं, पाह्य, आन् नुसती बसली. कोनी म्हनलं नाही, दार उघड. ते दार पाह्यजे मले. तुह्या घरात मी पाव्हनी हाये, प्रमिला."

मला राग आला. खरं सांगायचं तर राग माझाच मला आला होता, पण तो तिच्यावर निघाला. मी म्हटलं, तुला एका दाराची पडलीय, तिकडे पाच माणसं अंगावर अंग टाकून झोपतात. ती उठली, आत गेली आणि तिनं ते दार माझ्या तोंडावर लावलं.

त्या रात्री ती आली नाही. दुसऱ्या नाही, तिसऱ्याही नाही. मी दिवसभर वसाहतीत भिरभिरत होते. दुधाचं भांडं दोनदा करपवलं, एकाच दुकानात दोनदा जाऊन काहीच न घेता परत आले. मनाची समजूत एवढीच की तिचं घर तरी हिरवं होत असेल.

चौथ्या दिवशी सकाळी अन्विताचा फोन आला. "काकू, तुम्ही दोघी ठीक आहात ना? तुमच्या मजल्यावर दोन्ही घरांत गेल्या तीनही रात्री लाल पडल्यात."

"असं कसं? मी घरात आहे. शेवंता तिच्या घरात आहे."

"यंत्राला श्वास दिसतायत. पण झोपेतले नाहीत. तुम्ही दोघीही झोपलाच नाहीत, काकू."

फोन ठेवून मी खिडकीशी उभी राहिले. समोरच्या दारात शेवंता डाळ निवडत होती, डोळे खोल गेलेले. नऊ वर्षं मी समजत होते की गरज माझी आहे आणि उपकार तिचे. तिलाही सवय लागली होती, आणि ती मरेपर्यंत तसं म्हणाली नसती. भांडण गेलं चुलीत, असं झालं मला. दोघींना झोपायचं तर एकत्रच झोपायला हवं, आणि एकत्र झोपलो की एक घर जाणार. मग कुणाचं जावं, एवढाच प्रश्न उरला होता. आणि त्याला उत्तर होतं.

उमाळे साहेबांनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं. "भावनेच्या भरात काही करू नका."

"साहेब, दोघींना एक पुरे हे तुमचंच म्हणणं. मग माझं घ्या. भटकरांना आजच द्या, म्हणजे मला पुन्हा विचार करायला वेळ नको."

"तुम्ही मंडळाच्या सदस्य आहात. लोक म्हणतील, दबाव आणला."

"लोक म्हणतील बाई येडी झाली. म्हणू द्या."

मुलीनं बंगळूरहून फोनवर मला वेड्यात काढलंच. आई, माझं माहेर होतं ते, म्हणाली. ती रडली आणि मीही रडले. अन्वितानं हिशेब करून सांगितलं की शेवंताचं घर आता अगदी काठावर आहे. मधल्या तीन जागरणांमुळे संक्रांतीपर्यंत एकही रात्र चुकवायला जागा नाही.

शेवंताला मी सगळं झाल्यावर सांगितलं. आधी सांगितलं असतं तर तिनं होऊ दिलं नसतं. दोन ट्रंका आणि गादी घेऊन मी तिच्या दारात उभी, आणि ती कमरेवर हात ठेवून माझ्याकडे बघतेय.

"आता मी रुसून कुठं जाऊ व?"

"तू कायले जातं? तू रुसली की मी जिन्यात जाऊन बसत जाईन."

"पायतो ना कशी बसतं ते," ती म्हणाली आणि ट्रंकेची एक कडी तिनं उचलली.

त्या रात्री दोघी अशा झोपलो की सकाळी दूधवाला दोन हाका मारून परत गेला. आठवड्याभरात भटकर आले. मुलं माझ्या रिकाम्या खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत लोळत गेली, आणि पूनम दारात उभी राहून नुसती बघत होती. मला वाईट वाटलं नाही असं म्हणणार नाही. माझ्या ओट्यावर तिनं तिचा स्टोव्ह ठेवला तेव्हा मी तोंड फिरवलं.

संक्रांत चार दिवसांवर आली. शेवंता तीळ भाजत होती, मी गूळ चिरत होते. दिवेलागणीला पूनम आली आणि दाराशीच उभी राहिली.

"काकू, पोरायच्या बापाची रात्रपाळी लागली आजपासून. बॅटरीच्या कारखान्यात."

"बरं मंग?"

"पोरं तं निजतीन. मलेच भेव वाटून राह्यलं." तिला बोलायचीही लाज वाटत होती. "तिकडे पत्र्यातून शेजारीन खोकली तरी आयकू ये. इथं दार लावलं का जगच बंद होते. कोनी सोबतीले येता का, पयल्या दिवसापुरतं?"

माझ्या हातातली सुरी थांबली. मंडळाची सदस्य माझ्यात जागी झाली आणि भराभर हिशेब करू लागली. पूनमनं पोरांना घेऊन इकडे यावं, तर तिचं घर रिकामं पडतं. आणि नव्या घराला पहिल्या महिन्यात एका रात्रीचीही सूट नाही, हा आमचाच नियम. आम्ही दोघी तिकडे गेलो तर शेवंताचं घर गेलं. एकीनंच जावं, तर मागे राहणारीला एकटीला झोप यायला हवी. आणि पूनमचं घर तर पोरांच्या श्वासावर हिरवं राहणारच होतं. ती जागी राहिली तरी बिघडत नव्हतं.

"पूनम," मी म्हटलं, "तुह्या घराले काई धोका नाही. पोरं झोपली का झालं. चार दिवस जरा कळ काढ."

"घराले धोका नाही," शेवंता म्हणाली. "भेव तिले वाटून राह्यलं ना व, घराले कुठं वाटते?" तिनं कढई उतरवली, हात पुसले आणि कोपऱ्यातली उशी काखेत मारली. नऊ वर्षांची सवय.

"शेवंते, एक रात्र चुकली तं घर जाईन!"

"मी तुह्याकडे येत होती, ते काय कोनी मोजत नव्हतं म्हनून येत होती का?"

पूनमला काही कळत नव्हतं. ती आपली एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होती. मी जाते म्हणाले असते तर सोपं होतं. माझंच जुनं घर, चार-चार श्वास शेजारी. पडल्या पडल्या झोप लागली असती मला. पण मग इथे शेवंता जागी राहिली असती, तिच्याच घरात, आणि सकाळी ते लाल झालं असतं. तिचं घर माझ्या भीतीपायी एकदा जायला निघालं होतं. पुन्हा नाही.

"जाय तू," मी म्हटलं. "मी झोपते इथं."

"एकटी?"

"एकटी."

शेवंता उंबऱ्यात थांबली. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मीच म्हटलं, "जाय ना आता, पोरगी उभी हाये."

दार लागलं. भीती वाटली, उठून कडी पुन्हा तपासली. जाऊन शेवंतालाच परत बोलवावं असंही दोनदा मनात आलं. आडवी झाले तर घरात एकच श्वास, माझा. इतकी वर्षं मी दुसऱ्याचा ऐकत आले. स्वतःचा कधी ऐकलाच नव्हता. तो भरभर चालला होता, धावत गाडी पकडणाऱ्या माणसासारखा. मी त्याला म्हटलं, थांब रे, जागा आहे. सरक जरा. पुढचं मला आठवत नाही.

मला जाग आली ती दारावरच्या धक्क्यांनी. ऊन पार गादीपर्यंत आलेलं. बाहेर आख्खा मजला जमलेला, कुणी "कटावनी आना" म्हणत होतं, आणि सगळ्यांवर शेवंताचा आवाज, चिरका, कधी न ऐकलेला. मी धडपडत कडी काढली. गजानन रात्रपाळीच्या कपड्यांत, खांदा दाराला लावून उभा. त्याला ढकलून शेवंता आत घुसली आणि तिनं माझे दोन्ही दंड धरून मला गदागदा हलवलं.

"मेली वाटली ना मले! कवाची बोंबलून राह्यली मी! इतकं कोनी झोपते का व?"

आणि तिथेच खाली बसून ती लहान पोरीसारखी रडायला लागली. मीही बसले. अर्धवट झोपेतच होते. तिच्या पाठीवरून हात फिरवत मी म्हटलं, "शेवंते, रडतं कायले? वाचलं ना तुहं घर."

"चुलीत गेलं ते घर," शेवंता म्हणाली, आणि माझा हात काही सोडेना.